कार्निव्हल ऑफ सोल्स (१९६२): एवढ्याशा पैशात एवढी भीती कशी काय जमली?

रातराणी

परवा रात्री झोप येईना म्हणून यूट्यूबवर काहीतरी जुनं बघू म्हटलं आणि 'कार्निव्हल ऑफ सोल्स' लावला. अमेरिकन, कृष्णधवल, १९६२ चा. दिग्दर्शक हर्क हार्वी, हे नाव मी त्याआधी कधी ऐकलेलंसुद्धा नव्हतं. मी भयपट भरपूर बघते, त्यामुळे सहसा घाबरत नाही, पण हा बघून झाल्यावर पॅसेजमधला दिवा रात्रभर चालू ठेवला आणि तरीही काचेकडे पाठ करून झोपले.

ज्यांनी बघितला नाहीये त्यांनी आधी बघून या, जेमतेम सव्वा तासाचा आहे, कारण खाली शेवटाबद्दल पण बोलणं होणारच.

गोष्ट तशी छोटीच. तीन मुली गाडीतून चालल्यात, शेजारच्या गाडीतली पोरं शर्यत लावतात, दोन्ही गाड्या लाकडी पुलावर शिरतात आणि मुलींची गाडी कठडा तोडून नदीत. पोलीस तासन्‌तास नदीत गळ टाकून शोधतायत, काही मिळत नाही, आणि अचानक त्यातली एक, मेरी हेन्री, चिखलाने माखलेली, वाळूच्या पट्ट्यावर चालत वर येते. कशी वाचली ते तिलाही सांगता येत नाही. ती ऑर्गन वाजवते, तिला दूर युटामधल्या एका चर्चमध्ये नोकरी लागलेली असते, ती एकटी गाडी घेऊन निघते. रात्रीच्या रस्त्यावर रेडिओवर दुसरं काही लागतच नाही, फक्त ऑर्गन, आणि मग खिडकीच्या काचेत एक पांढराफटक माणूस दिसतो. तिथून पुढे तो सुटत नाही. आणि गावाबाहेर खाऱ्या सरोवराच्या काठी ओस पडलेला एक घुमटवाला जत्रेचा महाल आहे, तो तिला सारखा ओढत राहतो.

आता माझा प्रश्न. भुताचा मेकअप म्हणजे चेहऱ्याला पांढरं आणि डोळ्यांभोवती काळं, बास. बरेच कलाकार नवखे वाटतात. संवाद आणि ओठ जुळत नाहीत. आणि तरीही हे सगळं अंगावर येतं ते का? एक जागा तर अशी आहे की ती कपड्यांच्या दुकानात ड्रेस घालून बघते, चित्र पाण्यासारखं हलतं आणि आवाजच जातो. मला वाटलं माझा फोन म्यूट झाला. मी आवाज वाढवला, अजून वाढवला, पूर्ण केला, आणि ती बागेत झाडापाशी येते तेव्हा एकदम पक्ष्यांचा चिवचिवाट इतक्या मोठ्याने आला की फोन हातातून पडला. हे मुद्दाम केलेलं आहे का कॉपी खराब होती? आणि पैसे किती लागले असतील ह्याला? कोणाला माहिती असेल तर सविस्तर लिहा प्लीज.

---

तिसरी_घंटा

ज्या सिनेमाबद्दल बोलायला आजवर कोणी भेटलं नाही त्याच्यावर धागा बघून फार बरं वाटलं. मी हा वीसेक वेळा तरी बघितलाय.

पैशाचं आधी. साधारण तीस-तेहतीस हजार डॉलर. त्या काळातसुद्धा हॉलिवूडच्या हिशोबात ही रक्कम म्हणजे काहीच नाही. आणि ती कुठल्या स्टुडिओने दिलेली नाही, कॅन्ससमधलं लॉरेन्स नावाचं गाव आहे तिथल्या व्यापारी मंडळींकडून गोळा केलेली.

हार्वी हा सिनेमावाला नव्हताच मुळी. लॉरेन्समध्ये सेंट्रॉन नावाची कंपनी होती, शाळांसाठी आणि कारखान्यांसाठी माहितीपट बनवायची, म्हणजे कामावर सुरक्षितता कशी पाळावी, मुलांनी कसं वागावं असल्या फिल्म्स. हा तिथे दिग्दर्शक, अशा शेकडो फिल्म्स केलेल्या. एकदा कॅलिफोर्नियाहून गाडीने परत येताना संध्याकाळच्या उजेडात त्याला सरोवराकाठी हा 'सॉल्टेअर' नावाचा ओसाड महाल दिसला. तो बघून डोक्यात एकच चित्र बसलं, की ह्या नाचाच्या हॉलमध्ये मेलेली माणसं नाचतायत. ऑफिसमधला सहकारी जॉन क्लिफर्ड, त्याला सांगितलं की शेवट हा आहे, आता तू ह्याच्या आधीची गोष्ट लिही. म्हणजे गोष्ट शेवटाकडून सुरुवातीकडे लिहिली गेलीये, आणि म्हणूनच मला वाटतं की पहिल्या मिनिटापासून ती बाई कुठेतरी ओढली जातीये असं जाणवत राहतं.

शूटिंग तीन आठवडे, तेही नोकरीतून सुट्टी टाकून. दोन आठवडे लॉरेन्सला, एक आठवडा युटाला. युनिट म्हणजे मोजून पाच-सहा माणसं. कॅमेऱ्यावर मॉरिस प्रॅथर. आणि तो खिडकीतला पांढरा माणूस कोण माहितीये? खुद्द हार्वी. वेगळा नट घेण्यापेक्षा स्वतःच तोंडाला रंग लावून उभा राहिला. पुलासाठी वगैरे सेट नाही, खरा पूल, खरी नदी, तुटलेला कठडा नंतर दुरुस्त करून दिला. मुख्य भूमिकेतली कँडेस हिलिगॉस मात्र न्यूयॉर्कहून आणलेली, शिकलेली अभिनेत्री, आणि ते फार महत्त्वाचं ठरलं कारण सगळा सिनेमा तिच्या चेहऱ्यावर उभा आहे. तिचे डोळे बघा फक्त. समोरच्याशी बोलतानासुद्धा ती त्याच्या थोडं पलीकडे बघत असते.

हार्वीने नंतर सांगितलंय की त्याला स्वीडिश दिग्दर्शक बर्गमनसारखं दिसणारं आणि फ्रेंच दिग्दर्शक कॉक्तोसारखं वाटणारं काहीतरी करायचं होतं. माहितीपटवाल्या माणसाने हे मनात धरावं, सुट्टीत जाऊन करावं आणि जमवावं, ह्या गोष्टीसाठी मला त्या माणसाबद्दल मनापासून आदर आहे.

दुर्दैव एवढंच की पुढे काही झालं नाही. वितरकाने कापाकापी करून मोकळ्या मैदानातल्या ड्राइव्ह-इन थिएटरना दुसऱ्या एका सिनेमाच्या जोडीला लावला, बनवणाऱ्यांच्या हाती पैसे आलेच नाहीत, आणि हार्वीने परत कधी फीचर फिल्म केली नाही. गपचूप सेंट्रॉनमध्ये जाऊन परत माहितीपट करायला लागला.

---

नाममात्र

वाखूसा (वाचनखूण साठवली). आज रात्री बघतो.

---

बूमवाला

रातराणी, तुमच्या म्यूटच्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, पंचवीस वर्षं साउंडमध्ये आहे मुंबईत.

मुद्दाम केलेलं आहे, शंभर टक्के. आणि फार विचार करून केलेलं आहे.

आपण ज्याला शांतता म्हणतो ती कधीच पूर्ण शांतता नसते. आता जिथे बसला असाल तिथे दोन मिनिटं कान द्या, पंखा आहे, फ्रिज आहे, लांबून रिक्षा आहे, भिंतीपलीकडे कोणीतरी कुकर लावलाय. सिनेमात कोणी बोलत नसलं तरी खाली हे सगळं अंथरलेलं असतं, आम्ही प्रत्येक लोकेशनवर युनिटला गप्प उभं करून अर्धा-एक मिनिट रिकाम्या खोलीचा आवाज रेकॉर्ड करून ठेवतो तो ह्यासाठीच. प्रेक्षकाला तो ऐकू येतोय हे त्याला कळतसुद्धा नाही. पण काढून घेतला की लगेच कळतं. त्या दुकानाच्या सीनमध्ये हार्वीने नेमकं हेच केलंय, गिऱ्हाईकं बोलतायत, ओठ हलतायत, सेल्सबाई समोरून जातीये, आणि खालचं अंथरूणच ओढून घेतलं. मग मेरी एकटी उरते. ना कोणाला ती दिसते ना ऐकू येते.

खर्च किती आला ह्याला? काहीही नाही! उलट वाचला. एक ट्रॅक बंद ठेवायचा. पण कुठे बंद ठेवायचा आणि कुठे परत चालू करायचा हे समजायला डोकं लागतं. परत चालू करताना त्याने रहदारी किंवा माणसांचं बोलणं आधी आणलं नाही, पक्षी आणले, म्हणजे जग परत येतंय ते वरून, झाडावरून येतंय. मी हा सीन माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना दरवेळी दाखवतो.

ओठ न जुळण्याबद्दल. ते आरी कंपनीच्या हलक्या कॅमेऱ्याने शूट करायचे, हातात धरून चालत्या गाडीतसुद्धा शॉट घेता यायचा. इतर लोक स्टुडिओत गाडी उभी करून मागे पडद्यावर रस्ता दाखवायचे, ह्यांच्याकडे ती सोय नाही म्हणून खऱ्या रस्त्यावर खरी गाडी. म्हणून तो रात्रीचा प्रवास इतका खरा वाटतो. पण तसले कॅमेरे चालताना घरघर करतात, मग संवाद नंतर बसवावे लागतात. आपल्याकडेसुद्धा वर्षानुवर्षं तसेच कॅमेरे आणि तसंच डबिंग होतं, तेव्हा मला ह्याचं नवल वाटत नाही. पण गंमत बघा, मेरीच्या बाबतीत तो दोषसुद्धा कामाला येतो. तिचा आवाज तिच्या तोंडातून न येता किंचित बाजूने येतोय असं वाटतं, आणि तिची गोष्ट काय आहे ते शेवटी कळलं की त्याचा अर्थच बदलतो. हे त्यांनी ठरवून केलं असं मी म्हणणार नाही. पण झालंय.

एक विनंती, ती धुरकट कॉपी बघू नका. क्रायटेरियन ह्या जुने सिनेमे नीट करून काढणाऱ्या कंपनीने २०१६ ला नीट साफ केलेली प्रिंट काढलीये, ती मिळवा. जुन्या प्रिंटमध्ये सतत खरखर असते, त्यामुळे आवाज गेला तरी खरखर चालूच राहते आणि परिणाम निम्मा होतो. हेडफोन लावून बघा.

---

सह्याद्री_एक्सप्रेस

माझं मत वेगळं आहे आणि ते मी स्पष्टच लिहितो. दोनदा बघितला, दोन्ही वेळा मधला अर्धा तास रेटावा लागला. तो डॉक्टर येतो आणि बाईला धरून ऑफिसमध्ये नेऊन समजावतो, तो पाद्री एका सुरात बोलतो, पोलीस तर वाचून दाखवल्यासारखे. शेजारच्या खोलीतला तो माणूस, जॉन लिंडन, त्याचे सीन किती लांबलेत. भुतं बाजूला आणि हा तिला कॉफी पाजतोय. शेवटचा नाच आणि सरोवरातून वर येणारी ती डोकी, ते जबरदस्त आहे हे मान्य, पण कमी पैशात केलं म्हणून सगळंच चांगलं म्हणायचं हे मला पटत नाही. आणि शेवट आजच्या प्रेक्षकाला पंधराव्या मिनिटाला कळतो.

---

कॉट_बेसिस

सह्याद्री, तुम्हाला जे सीन लांबलेले वाटले ना त्याच सीन्समुळे मला हा सिनेमा विसरता येत नाही.

मी बावीस वर्षांची असताना नोकरीसाठी पुण्यात आले, एका वाड्यात वरच्या मजल्यावर खोली घेतली होती, समोरच्या खोलीत एक गृहस्थ. त्यांनी कधी काही केलं नाही. पण मी दाराची कडी काढली की त्यांचं दार उघडायचं, दर वेळी. पाणी आलं का, आज उशीर झाला का, एकट्याच का, गावी कोण कोण असतं. मी जिन्यात चपला हातात घेऊन चढायला शिकले होते. तिसऱ्या पायरीची फळी वाजायची ती चुकवून.

तो लिंडन आठवा आता. ती अंघोळ करून टॉवेल गुंडाळून आलीये, दारावर टकटक, तिला वाटतं घरमालकीण, आणि हा उभा. ती आत पळाल्यावर हा दाराच्या फटीतून बघतोय. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी घेऊन हजर आणि कॉफीत दारू. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ती त्याला पूर्ण हाकलत नाही, कारण रात्री एकटं राहण्याची भीती त्याच्यापेक्षा मोठी आहे. पांढऱ्या तोंडाच्या माणसापासून वाचायला ती ह्या माणसाबरोबर बाहेर जाते. ह्याच्याइतकं भयानक मला त्या सिनेमात दुसरं काही वाटत नाही.

आणि तुम्ही म्हणता तो डॉक्टर, तो स्वतःच सांगतो की मी मानसोपचारवाला नाही, तरी सल्ला देतो. पाद्रीला ती सगळ्यांत मिसळत नाही ह्याचा त्रास. ऑर्गनच्या कारखान्यातला माणूस सांगतो की वाजवताना त्यात थोडा जीव ओत. प्रत्येकाला तिच्याकडून काहीतरी पाहिजे, जरा हस, जरा श्रद्धा ठेव, जरा सोबत दे. ती सरळ सांगते की चर्चमधलं काम माझ्यासाठी नोकरी आहे. १९६२ साली एका बाईच्या तोंडी हे वाक्य! एकटी गाडी चालवत दुसऱ्या राज्यात जाणारी, स्वतःच्या पैशाने खोली घेणारी बाई. आणि तिच्याभोवतीची माणसं कशी आहेत ते दाखवायला ते सीन तेवढे लांब हवेतच, कारण खऱ्या आयुष्यात ती माणसं तेवढीच लांबण लावतात.

नट नवखे आहेत हे खरं. पण गावातले खरे लोक असेच बोलतात, थोडं पाठ केल्यासारखं. माझ्या घरमालकीणबाई अगदी त्या मिसेस थॉमससारख्या बोलायच्या.

---

सह्याद्री_एक्सप्रेस

कॉट_बेसिस, हे मी असं बघितलंच नव्हतं. फटीतून बघण्याचा शॉट माझ्या लक्षातसुद्धा राहिला नाही, आणि तुम्ही लिहिल्यावर तोच आठवत बसलोय. परत बघेन. डॉक्टरबद्दल माझं मत कायम आहे मात्र.

---

पायपेटी

इथे कोणी ऑर्गनबद्दल लिहिलं नाही म्हणून लिहितो. सगळा सिनेमा ऑर्गनवर आहे, जीन मूर ह्यांचं संगीत, दुसरं वाद्य जवळपास नाहीच.

मी नाट्यसंगीताच्या साथीला ऑर्गन वाजवतो, आपली पायपेटी. बालगंधर्वांच्या काळापासून संगीत रंगभूमीवर असलेलं वाद्य. त्यामुळे मेरीचे हात आणि पाय मी वेगळ्याच नजरेने बघतो. आपल्या पायपेटीत पाय भाता मारतात, पाय थांबले की सूर मेला. चर्चच्या मोठ्या ऑर्गनमध्ये हवा यंत्र पुरवतं आणि पायांखालच्या पट्ट्या खर्जाचे सूर वाजवतात, म्हणजे पायसुद्धा गातात. आणि दुसरं म्हणजे बोट पट्टीवर असेपर्यंत सूर तसाच्या तसा उभा राहतो. तंबोऱ्याचा सूर झंकारून विरतो, गाणाऱ्याचा दम संपतो, ह्याला दमच लागत नाही. माणसाचा श्वास नसलेला सूर आहे तो. मेलेल्या माणसांच्या गोष्टीला ह्यापेक्षा योग्य वाद्य मला सुचत नाही.

सुरुवातीला ती ज्या कारखान्यात वाजवून बघते ते खरं ठिकाण होतं, लॉरेन्समधलीच रॉयटर ऑर्गन कंपनी. म्हणजे गावात ऑर्गनचा कारखाना होता, म्हणून नायिका ऑर्गन वाजवणारी. जवळ आहे त्यातून गोष्ट काढली. त्या कारखान्यातले छतापर्यंत गेलेले पाइप आणि मध्ये एवढीशी ती, हे कुठल्या सेट डिझायनरला जमलं नसतं.

आता तो चर्चमधला सीन. ती रात्री रियाज करायला बसते, सुरुवातीला साधी भजनाची चाल आहे, व्यवस्थित, आणि मग हळूहळू बोटं सरकायला लागतात, जवळजवळचे सूर एकावर एक, चाल हातातून सुटते. चेहरा बघा, तिला कळतंय की हे मी वाजवत नाहीये. आम्हा साथीदारांना हे थोडं थोडं माहीत असतं. नाटकाचा तिसरा अंक, रात्रीचा दीड वाजलेला, एखाद्या पदात हात आपसूक चालतात आणि आपण लांबून बघत असतो. तेव्हा आनंद असतो तो. इथे त्याचीच उलटी बाजू आहे. तेवढ्यात पाद्री येतो आणि वाजवणं बंद करायला तिचे दोन्ही हात धरतो, हे पाखंड आहे म्हणतो आणि तिथल्या तिथे राजीनामा मागतो. साथीदाराचे हात धरणं! मला तो क्षण बघवत नाही, खरं सांगतो.

आणि रेडिओवर जे लागतं, चर्चमध्ये ती जे वाजवते आणि नाचाच्या हॉलमध्ये जे वाजतं ते सगळं एकमेकांत मिसळत जातं, शेवटी पार्श्वसंगीत कुठलं आणि तिला ऐकू येतंय ते कुठलं हे वेगळं काढता येत नाही. एकाच वाद्यावर भागवायचं म्हणून पैसे वाचवले असतील, पण त्यामुळे हे जमलं.

---

मिठाचा_खडा

मी सॉल्ट लेक सिटीजवळ राहते, नऊ वर्षं झाली. हायवे ८० ने पश्चिमेला निघालं की वीस-पंचवीस मिनिटांत सॉल्टेअर लागतं.

पण आता तिथे जी इमारत आहे ती सिनेमातली नाही हे आधीच सांगते, नाहीतर कोणी हौसेने आलं तर निराश होईल. पहिला महाल १८९३ चा, मॉर्मन चर्च आणि रेल्वेने मिळून बांधलेला, शहरातून थेट गाडी यायची, लोक पोहायला आणि नाचायला यायचे, पश्चिमेचं कोनी आयलंड (न्यूयॉर्कमधली समुद्राकाठची करमणुकीची जागा) म्हणायचे त्याला. तो १९२५ ला जळला. परत बांधला, सिनेमात दिसतो तो हा दुसरा. त्यालाही १९३१ ला आग लागली, मग सरोवराचं पाणी मागे हटत गेलं आणि पाण्यावर उभा असलेला महाल कोरड्यात पडला, मग युद्धात बंद, आणि १९५८ ला कायमचा बंद. हार्वीला दिसला तो अशा अवस्थेत. १९७० ला कोणीतरी आग लावली आणि तोही संपला. आज आहे ती इमारत तिसरी, १९८० च्या दशकातली, तिथे गाण्यांचे कार्यक्रम होतात. म्हणजे सिनेमातला तो मोडका लाकडी जिना, ती घसरगुंडी, तो रिकामा नाचाचा हॉल आता फक्त त्या सिनेमातच शिल्लक आहे. मला हे आठवलं की फार वाईट वाटतं आणि त्याच वेळी हार्वीने तेव्हा गाडी थांबवली हे किती बरं झालं असंही वाटतं.

जागेबद्दल सांगते. मी पहिल्यांदा गेले ती मार्चमधली दुपार होती. पार्किंगपासून पाण्यापर्यंत चालतच राहावं लागतं. जमीन पांढरी, वरचा मिठाचा पापुद्रा पायाखाली पापडासारखा मोडतो, खाली काळा चिखल आणि त्याला वास, कोकणात ओहोटीला खाडीला येतो ना तसा पण त्याहून उग्र. पाण्याच्या कडेला बारीक माश्यांचा काळा पट्टा, पाय टाकला की पूर्ण पट्टा उठतो आणि पुढे जाऊन बसतो. जवळ झाड नाही, सावली नाही, वारा सोडून काही ऐकू येत नाही. मागे वळून बघितलं तर माझीच पावलं लांबपर्यंत, एकटीची.

शेवट आठवतोय ना? पोलीस, पाद्री आणि डॉक्टर वाळूत तिची पावलं बघत जातात, आणि एका जागी ती नुसती संपतात, पुढे काही नाही. कुठलीही ट्रिक नाही त्यात, चालायचं आणि थांबायचं. तो शॉट कसा सुचला असेल हे त्या जागी उभं राहिल्यावर मला कोणी समजावून सांगायची गरज उरली नाही. ती जमीनच तसं सुचवते.

---

गावठी_प्रोजेक्टर

सगळे प्रतिसाद वाचताना मला सारखे आपले रामसे आठवत होते. १९७२ चा 'दो गज़ ज़मीन के नीचे'. त्यांनीही तेच केलं, मुंबईत सेट न लावता सगळं कुटुंब घेऊन महाबळेश्वरला गेले आणि तिथेच शूट केलं. सात भाऊ, कोणी दिग्दर्शन, कोणी कॅमेरा, कोणी साउंड, कोणी एडिटिंग. महाबळेश्वरचं धुकं फुकट, झाडी फुकट, जुने बंगले आहेतच. मी साताऱ्याचा आहे, पावसाळ्यात संध्याकाळी पाचला तिथे हातभर अंतरावरचं दिसत नाही, धुराचं मशीन कशाला लागतंय. दोन्ही सिनेमांची जातकुळी वेगळी आहे, रामसेंच्या भुताला अंगाने भिडायचं असतं आणि हार्वीचं भूत नुसतं बघत उभं राहतं. पण जागा आधी शोधायची आणि भीती तिच्यातून काढायची, हे दोघांचंही सारखं.

---

तिसरी_घंटा

गावठी_प्रोजेक्टर, फार छान आठवण काढलीत.

अजून एक सांगायचं राहिलं, यूट्यूबवर हा फुकट का सापडतो ते. त्या वेळच्या अमेरिकन कायद्यात प्रिंटवर कॉपीराइटची ओळ छापणं सक्तीचं होतं, ती ह्याच्यावर नव्हती, त्यामुळे हक्कच गेला. बनवणाऱ्यांवर हा केवढा अन्याय. पण त्याचमुळे पुढे टीव्हीवाले रात्री-अपरात्री तो लावत राहिले, आणि झोप न येणाऱ्या माणसांनी तो एकेकट्याने बघितला, अगदी रातराणीने बघितला तसाच. जॉर्ज रोमेरोने 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' करताना ह्याचा प्रभाव होता असं सांगितलंय, आणि त्याच्याही सिनेमाचा हक्क अशाच ओळीपायी गेला. १९८९ ला 'कार्निव्हल' परत थिएटरमध्ये लागला, लोकांनी डोक्यावर घेतला. हार्वी तेव्हा हयात होता, १९९६ ला गेला. सत्तावीस वर्षांनी का होईना, त्याला ते बघायला मिळालं.

रातराणी, ७८ मिनिटांची आणि ८४ मिनिटांची अशा दोन कॉप्या फिरतात. ८४ वाली बघा.

---

रातराणी

सगळ्यांचे खूप खूप आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

काल ८४ मिनिटांवाली चांगली प्रिंट मिळाली, टीव्हीला लावली. हेडफोन नाही लावले कारण आई शेजारी येऊन बसली. ती अशा सिनेमांना कधी बसत नाही, पण कृष्णधवल दिसला म्हणून बसली. कॉट_बेसिस, लिंडन दाराशी आला तेव्हा ती लगेच म्हणाली, 'हा माणूस बरा नाही, दार लावून घे म्हणावं तिला.' पांढऱ्या चेहऱ्याच्या माणसाला ती बिलकूल घाबरली नाही. बूमवाला, तुम्ही सांगितलेलं अंथरूण काढून घेण्याचं ह्यावेळी नीट कळलं, कारण खरखर नव्हती आणि आवाज गेल्यावर आमच्या हॉलमधलं घड्याळ ऐकू यायला लागलं.

आईला गेली सहा वर्षं कमी ऐकू येतं, मशीन लावते. दुकानाचा सीन सुरू झाला आणि मी तिच्याकडे बघितलं, मला वाटलं तिला कळणारच नाही आवाज गेलाय ते. ती पुढे सरकून बघत होती. सेल्सबाई मेरीच्या समोरून निघून गेली तेव्हा म्हणाली, 'मंडईत बॅटरी संपली ना की अगदी असंच होतं. सगळे बोलत असतात, माझ्याशी कोणी बोलत नाही.' सहा वर्षांत हे तिने मला एकदाही सांगितलं नव्हतं. मग पक्षी आले आणि तिने मशीनला हात लावून बघितला.

तो तेवढाच भाग परत लाव म्हणाली. तीनदा लावला.